एका ओळीचं भांडण

दिनू,

परवा तुझं तेरावं झालं. पंगती उठल्यावर तुझ्या प्रसादनं मला हाताला धरून माजघरात नेलं आणि तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही मांडीवर ठेवली. म्हणाला, "काका, गावाच्या इतिहासाचं पुस्तक आता छापायचंच असं ठरलंय. बाबा सांगून गेलेत, चळवळीचं पान छापायच्या आधी रंगाकाकांना दाखव." मी चष्मा पुसला, पान उघडलं. तुझं तेच गोल अक्षर, शाळेच्या फळ्यावरचं. भूमिगत पोरांची नावं, नदीवरच्या गोळीबाराची हकीकत, आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत, एकच ओळ. 'बापू सखाराम यांना फितुरीबद्दल जी शिक्षा झाली, ती चुकीच्या माणसाला झाली.'

बापू सखाराम म्हणजे माझे आबा, माझ्या वडलांचे वडील. ही ओळ तुझ्याकडून लिहून घ्यायला मी चाळीस वर्षं तुझ्याशी भांडलो. शिव्या दिल्या, अबोला धरला, शेवटी तर हात उचलला. आता ओळ मिळाली, तर दोन दिवस झाले, घास खाली उतरत नाही. च्यायला, माणसानं जाता जाता असं काही करून जावं का रं?

तुला आठवतं का, आपली दोस्ती सुरू झाली तीच मुळी रक्तानं? नववीचं स्नेहसंमेलन. जोशीबाईंनी बेचाळीसच्या चळवळीवर नाटक बसवलेलं. तुझ्या आजोबांचा, तात्यांचा पार्ट तुला, कारण तात्या म्हणजे चळवळीतले आपल्या गावचे म्होरके. बाईंनी विचारलं, "फितूर कोण होणार?" आणि चाळीसच्या चाळीस माना माझ्याकडं वळल्या. कुणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. बाईंनीही वहीत माझं नाव लिहिलं. मला बाकावर पालथं बांधलं. तू वेताची काठी बाकावर आपटायची आणि मी ओरडायचं, असं ठरलेलं. पहिल्या दोन काठ्या बाकावर पडल्या. तिसरी माझ्या तळव्यावर पडली. मुद्दाम का चुकून ते तू मरेपर्यंत सांगितलं नाहीस.

मी पाय सोडवून घेतला आणि वळून तुझ्या तोंडावर लाथ घातली. पुढचे दोन दात तिथल्या तिथं पडले. पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा ओघळ, तू खाली बसलेला, मी वर उभा, पायात अजून दोरी. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, नाटकच आहे. घरी गेल्यावर तात्यांनी तुझं तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, "कुणी?" तू म्हणालास, "बापूच्या नातवानं." तात्या म्हणाले, "बरं झालं. त्या घरचा एक तरी पाय उठला." हे तूच मला दुसऱ्या दिवशी पारावर सांगितलंस, बोबडं बोबडं, आणि आपण दोघं हसलो. त्या दिवसापासून तू माझा.

आबांचे पाय तू लांबून बघितलेस, मी रोज बघितले. लोक आजही पोरांना सांगतात की चळवळीत फितुरांच्या पायाला पत्रे ठोकायचे. तू चिडायचास. "पत्रे न्हाई रं, काठ्या. इतिहास हाय ह्यो, भुताची गोष्ट न्हवं." बरोबर होतं तुझं. आबांना भर दुपारी नदीकाठच्या आंब्याखाली पालथं पाडलं, दोघं खांद्यांवर बसले, दोघांनी पाय वर धरले आणि तात्यांनी मोजून बारा काठ्या तळव्यांवर ओढल्या. सगळा गाव उभा होता. आबांची आई त्यात होती. पहिल्या चार-पाच काठ्यांना आबा ओरडले, पुढं नुसता काठीचा आवाज. कातडी फाटून हाड दिसत होतं म्हणतात. सहा महिने ते गुडघ्यांवर रांगले. पुढं आयुष्यभर पायाच्या कडेवर चालले. लष्करात नाईक होते, रजेवर आले होते. परत गेलेच नाहीत, कारण बुटात पाय जाईना. लहानपणी मी त्यांच्या पायाला तेल लावायचो. तळव्यांना रेषाच नव्हत्या, नुसता चामड्याचा तुकडा. त्या पायांपायी मी फौजेत भरती झालो, हे तुला ठाऊक आहे.

आणि का मारलं? तर त्याच्या आदल्या आठवड्यात नदीकाठच्या खोपटात भूमिगत पोरं जेवायला बसली असताना पोलिसांचा वेढा पडला. बाकीचे उसात घुसले. त्यांतल्या कोंडिबानं नदीत उडी टाकली. पाठीत दोन गोळ्या. मढं खाली वाहत जाऊन बाभळीच्या फांदीला अडकलं, तिथून त्याच्या बायकोनं आणि भावानं ते ओढून काढलं. बायकोच्या काखेला दोन वर्षांची राधा होती. तीच आपली राधाक्का, खालच्या आळीतली, जिला दर पंधरा ऑगस्टला शाळेत खुर्चीवर बसवून नारळ देतात. आमच्या घराला त्या दिवशी कधी बोलावणं नसतं. जत्रेत पालखीला खांदा द्यायला गेलं की लोक काही बोलत नाहीत, फक्त मधे जागा होऊ देत नाहीत. मी तीन पदकं छातीला लावून आलो तरी झाली नाही.

एकादशीला देवळात पोथी लागायची. म्हादू गुरव वाचायचा आणि तू अर्थ सांगायचास. सगळ्या बाया-माणसांना तुझा अर्थ ऐकायचा असायचा, पोथी काय, कुणीही वाचेल. मी मागं खांबाला टेकून बसायचो, तुला टोचायला. आठवतंय? युद्धाचा अध्याय चालला होता. सख्ख्या भावाला सोडून जो शत्रूच्या छावणीत गेला, घरची सगळी गुपितं सांगितली आणि वर राज्य मिळवलं, त्याचा भाग आला. मी सगळ्यांदेखत विचारलं, "गुरुजी, ह्याला पोथीत राज्य आन् आमच्या आबाला काठ्या? ह्यो कुठला न्याय?" म्हादूनं ओवीवर बोट ठेवलं ते ठेवलंच. तू चिडला नाहीस. म्हणालास, "रंगा, त्यो आधी भर सभेत भावाच्या तोंडावर बोलला. लाथ खाल्ली, मग उघड्यानं गेला. चोरून न्हाई गेला."

मी म्हणालो, "म्हंजे तोंडावर सांगितलं की झालं?"

"झालं न्हाई. पर तिथनं सुरू हुतंय."

मी ताडकन उठून चालता झालो. चपला उलट्या घातल्या होत्या, घरी जाईपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी मला तुझा इतका राग का आला, ते आता सांगतो. हे सांगायचं राहिलंय म्हणून तर हे सगळं लिहायला बसलोय.

आबा गेले त्या वर्षी मी रजेवर आलो होतो. ऊस तुटून गेला होता, सकाळचं ऊन अंगणात होतं. आबांना बाजेवर टेकवून बसवलं होतं. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "रंगा, मी सांगितलं व्हतं."

मी म्हणालो, "काय, आबा?"

"कोंडिबाचं. खोपटाचं. रजेच्या कागदावर शिक्का माराय चौकीत गेलतो. फौजदारानं बस म्हटलं. खुर्ची दिली. मला आजवर कुनी खुर्ची दिली नव्हती रं. मिल्ट्रीतबी न्हाई. च्या पाजला. दोन तास गप्पा मारल्या. आन् मी बोलून गेलो. मारत न्हवता, धमकावत न्हवता. खुर्चीवर बसलो हुतो म्हून बोललो."

मग म्हणाले, "कुनाला सांगू नगंस." आणि माझा हात धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी गेले.

झालं हे असं. तेव्हापासून मला माहीत होतं. तू इतिहासाचा मास्तर, मी तुझा जिवाभावाचा, आणि माझ्या पोटात सगळ्या गावाचा इतिहास. मी बोललो नाही, इतकंच असतं तर एक वेळ चाललं असतं. मी त्या दिवसापासून उलट ओरडायला लागलो. आबा निर्दोष, आबावर अन्याय, लिहा, दगडावर कोरा. त्याआधी मी असा कधी भांडलो नव्हतो, हे तुझ्या लक्षात आलं असणार. तू मास्तर होतास, चोरून लिहिणारं पोर तुला मागच्या बाकावरही दिसायचं.

आणि आपलं ते शेवटचं. दीड महिना झाला. तू शाळेच्या कट्ट्यावर बसला होतास. पुस्तक पुरं होत आलंय असं ऐकलं म्हणून मी तरातरा आलो. लय बोललो त्या दिवशी. तू ऐकून घेतलंस आणि तुझा ठरलेला शब्द काढलास, "पुरावा दे."

"हाय की पुरावा! आबांचा रजेचा कागद हाय ट्रंकेत. चौकीचा शिक्का हाय त्याच्यावर. रजेवरच्या शिपायाला चौकीत जावंच लागायचं. लोकांनी आत जाताना बघितलं आन् फितूर ठरवला. एवढंच घडलंय."

तू खाली मातीकडं बघत म्हणालास, "शिक्का माराय पाच मिन्टं लागत्यात, रंगा. ते दोन तास आत हुते. खुर्चीवर." मग हळूच विचारलंस, "मला ठाव हाय ते मी लिवलं, तर तुला झेपंल का?"

खुर्ची हा शब्द माझ्याशिवाय आणि मेलेल्या आबांशिवाय कुणाला माहीत नव्हता, असं मी समजत होतो. मला पुढचं दिसलंच नाही. अडुसष्ट वर्षांचा बाप्या मी, तुझ्या तोंडावर मूठ मारली. परत मारली. तू पडलास, कट्ट्याला डोकं आपटलं, ओठ फाटला, कवळी मातीत पडली. तिसऱ्यांदा मारायला मी तुझी गचांडी धरली होती. मला तुला गप्प करायचं होतं, दिनू. खरं सांगतो, त्या घडीला तू मेला असतास तरी चाललं असतं मला. असा मी तुझा दोस्त.

तू कवळी उचललीस, सदऱ्याला पुसलीस, खिशात टाकलीस. रक्त थुंकलास. आणि बोळक्या तोंडानं म्हणालास, "एवढंच ना? ती दातं तर तू कवाच पाडल्यालीस. जा आता घरी. बीपीची गोळी घे."

घरी येऊन गोळी घेतली मी. तू सांगितलीस म्हणून घेतली.

चौकीतला एक शिपाई तात्यांना आतल्या बातम्या द्यायचा, हे मला मागाहून कुठंतरी आठवलं. त्यानंच खुर्चीचं सांगितलं असणार. मग ऐक, हे तुला तोंडावर म्हणायचं राहिलं. तो शिपाई कोण होता रं? ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या घरातलं बाहेर सांगणारा. तोही फितूरच, फक्त तुमच्या बाजूचा! त्याचं नाव तू पोरांच्या यादीत पाचवं घातलंयस, मी बघितलं. आता उत्तर दे. तू नक्की काहीतरी दिलं असतंस, म्हणाला असतास त्यानं कुणाचा जीव घेतला नाही, वाचवले. मग मी म्हणालो असतो, आबांनी तरी कुठं कुणाचा जीव घ्यायचा म्हणून तोंड उघडलं होतं? आणि चहा थंड झाला असता. हे भांडण आता मी एकट्यानं कसं करायचं, सांग.

आणि अजून एक. एकदा, फार वर्षांपूर्वी, मोटरसायकलवरून कराडहून येताना, तू माझ्या मागं बसून कानाशी बोललास. "तात्या म्हनायचे, पयल्या सहा काठ्या न्यायाच्या हुत्या. पुढच्या सहा कशाच्या ते मला आजबी सांगता येत न्हाई. हात थांबंना." मी गाडी चालवत होतो, वळून तुझं तोंड बघता आलं नाही. वारा होता, तरी मला नीट ऐकू आलं. त्या सहा काठ्या तू वहीत लिहिल्या नाहीस. वही मी दोनदा शोधली. माझ्या आजोबांचं मी झाकलं आणि तुझ्या आजोबांचं तू. म्हणून तर इतकं जमलं आपलं.

मग त्या मारानंतर महिन्याभरानं, छातीत दुखतंय म्हणून, तुला कराडच्या दवाखान्यात नेलं. प्रसादचा फोन आला होता, "बाबा विचारतायत." मी म्हणालो, उद्या येतो. काय सांगू, माझ्या मुठीवर अजून तुझ्या कवळीच्या दाताचा वण होता. तो घेऊन तुझ्या खाटेशी कसा उभा राहू, असं वाटलं. तू उद्यापर्यंत थांबला नाहीस. तिरडी बांधताना तुझा ओठ बघितला मी. बरा झाला होता. बायका रडत होत्या आणि मी तुझ्या ओठाकडं बघत होतो.

तर त्या माराच्या आणि दवाखान्याच्या मधे कधीतरी तू ही ओळ लिहिलीस. पुराव्याशिवाय उत्तर लिहिलं म्हणून पोटच्या पोराचे दोन गुण कापणारा माणूस तू. त्यानं आयुष्यात एक ओळ खोटी लिहिली आणि ती माझ्यासाठी. तुला माहीत होतं ती खोटी आहे. मला माहीत होतं हेही तुला माहीत होतं. मला राग आला, मग रडू आलं, मग परत राग. असलं कुणी कुणाला देतं का?

तुझी वहिनी मंगल म्हणाली, "आवं, छापू द्या की. मेलेल्या माणसानं लिवलंय. कुनाचं काय जातंय त्यात?" मला वाटलं, बरोबर आहे. पोरं पालखीला खांदा देतील. नातवाला शाळेत कुणी मान वळवून बघणार नाही. वही मी ट्रंकेत आबांच्या कागदाखाली ठेवली, कुलूप लावलं.

मग काल सकाळी डोक्यात आलं की राधाक्का ते पुस्तक वाचून घेईल. नातीकडून वाचून घेईल. शिक्षा चुकीच्या माणसाला झाली म्हणजे खरा माणूस कोण? त्र्याऐंशी वर्षांची म्हातारी पुन्हा एकेक घर बघत बसेल, तिच्या बापाला कुणी मारलं म्हणून. ज्यांच्या हातचं पाणी प्याली त्यांची तोंडं बघेल. माझ्या नातवाची मान सरळ राहावी म्हणून.

वही काढली, बगलेत मारली आणि खालच्या आळीला गेलो. राधाक्का दारात शेंगा फोडत बसली होती. "कोन हाय?"

"मी रंगा. बापूचा नातू."

"मग उंबऱ्याबाहीर हुबा ऱ्हा."

उभा राहिलो. तुझा भर सभेतला अर्थ आठवत होतो. म्हणालो, "आक्के, तुज्या बापाचा ठिकाना आमच्या आबानंच सांगितला. मरताना त्यानं सोता मला सांगितलं."

ती शेंग फोडायची थांबली नाही. "ठाव हाय. सगळ्या गावाला ठाव हाय." मग थांबली. "तुला कवा सांगितलं म्हनालास?"

"चाळीस वर्सं झाली."

"चाळीस वर्सं." तिनं सूप बाजूला सारलं. "आन् ह्या चाळीस वर्सांत तू पारावर बसून वरडत व्हतास की आमचा आबा धुतल्या तांदळावानी. माजी आय जिती व्हती तवा. ती ऐकत व्हती. ती मला म्हनायची, राधे, आपलं चुकलं का काय? दुसऱ्याच कुनी मारलं असंल का तुज्या बाला? त्याच घोरात मेली ती."

मला हे माहीत नव्हतं, दिनू. आईची शपथ.

तिनं काठी उचलली. मला वाटलं उठायला घेतेय. उठलीही, आणि उभी राहून दोन्ही हातांनी ती काठी माझ्या पायावर ओढली. घोट्यावर. म्हातारीचा हात, पण हाडावर बसली. मी तिथंच खाली बसलो. तिच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, तरी आवाज खणखणीत. म्हणाली, "तुज्या आबाला त्याचा मार तवाच बसला, जरा जास्तीच बसला. ह्यो तुझा."

मग ती परत सूप घेऊन बसली आणि मी तिच्या अंगणात बसून वही उघडली. तुझी ओळ खोडली. खाली लिहिलं, 'बापू सखाराम यांनी ठिकाण सांगितलं. त्यांना बारा काठ्या मारल्या. सहा जास्त होत्या.' सही केली आणि प्रसादला नेऊन दिली.

तू विचारशील, पुरावा? डाव्या घोट्यावर आहे, काळानिळा. तुझ्यासाठी जपतोय, पण चार दिवसांत जाईल बघ.